बारा नळ्या, एक बोट

आमच्या कारखान्यात भट्टी एकच आहे, पण तिच्यावर हक्क सांगणारे बरेच. मालक नामदेवशेठ तिला ‘माझी भट्टी’ म्हणतात. त्यांचा भाचा आदेश क्वालिटी मॅनेजर आहे. तो ‘आपला व्हॅक्यूम फर्नेस’ म्हणतो आणि म्हणताना टाय सरळ करतो. भट्टी चालवतो मात्र मी. सुरेंद्र, मुक्काम टोकावडे, आयटीआय पास. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या रांगेतल्या या शेडमध्ये एकोणीस वर्षं मी तिच्यासमोर उभा आहे. घरी बायकोसमोर इतका वेळ उभा राहिलो नसेन.

काम साधं आहे. धातू तापवायचा आणि थंड करायचा. हेच बायका चुलीपुढे करतात तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. आम्ही करतो तेव्हा त्याला हीट ट्रीटमेंट म्हणतात आणि दारावर आयएसओची पाटी लागते.

गेल्या वर्षी भाद्रपदात मुंबईच्या एका संशोधन संस्थेचं काम आमच्याकडे आलं. त्यांची स्वतःची भट्टी बिघडली होती आणि दुरुस्तीची फाइल सह्यांच्या वाटेवर होती, म्हणून त्यांना आमची आठवण झाली. बारा नळ्या. बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब, चांदीसारख्या चकचकीत. झिर्कोनियम नावाच्या धातूचा मिश्रधातू. अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या अशाच नळ्यांत भरतात आणि दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद करतात. आमच्याकडे आलेल्या नळ्या रिकाम्या होत्या, नुसते नमुने. हे मी टोकावड्याच्या ढाब्यावर चार वेळा समजावून सांगितलं, तरी पाचव्या दिवशी वैशाखऱ्याहून सासऱ्यांचा फोन आलाच. “जावईबापू, त्या बाँबच्या कामात तुमी नका पडू.”

संस्थेतून मनस्वी मॅडम आल्या. वयाने लहान, पायात स्पोर्ट्स शूज, आणि बोलणं असं की माणसाला आपण हुशार आहोत असं वाटावं. त्यांनी सांगितलं, “वेल्डिंगच्या जोडापाशी धातू वितळतो आणि घाईघाईने गोठतो. आतली सगळी घडी विस्कटते. लग्नाचे पाहुणे गेल्यावर घर असतं ना, तसं. आपण त्याला पाचशे ऐंशी अंशांवर पाच तास ठेवायचं, हवा काढून घेतलेल्या भट्टीत, आणि मग आतच निवू द्यायचं. घर पुन्हा जागेवर बसतं. नाही बसलं, तर अणुभट्टीच्या गरम पाण्यात नळी पहिली त्या जोडापाशी खराब होते.”

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं. नळीला उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचा घाम, तेल, मीठ, काहीही लागलं तर तो डाग पुसला तरी पुसला जात नाही, पुढे नळी तापलेल्या वाफेत ठेवून तपासतात, त्या परीक्षेत वर येतो. त्यासाठी त्यांनी पांढऱ्या सुती हातमोज्यांचे दोन खोके आणले होते.

पहिला खोका आठवड्यात संपला. दोन जोड मोटरसायकलवाल्यांनी नेले. एक आदेशने लॅपटॉप पुसायला घेतला. उरलेले शेठच्या पुतणीच्या शाळेत लेझीम पथकाला गेले आणि तिथे पुढच्या पंधरा ऑगस्टसाठी जपून ठेवले गेले. हातमोजे प्रत्यक्ष हातात घालणारी कारखान्यात एकच बाई होती, ती म्हणजे हिरी.

हिरी शहापूर रस्त्यावरच्या वाडीवरची. वाडी म्हणजे गावाच्या कडेला, गावाने ‘आमची’ म्हणावी तर पाणी द्यावं लागेल अशा अंतरावर वसलेली वीसेक घरं. हिरीचं सगळं आयुष्य वीटभट्टीवर गेलं. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक वाडीवर यायचा आणि घरंच्या घरं उचलून न्यायचा. तीन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे झाडलोटीला लागली, तेव्हापासून ट्रक तिच्या दारावरून रिकामा जातो. तिची मुलगी भिमी दहावीला आहे. वाडीत दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली पोर. हे हिरी कोणाला सांगत नाही, पण भिमीची वह्यापुस्तकं कोणी विचारली की तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

भट्टीत नळ्या कोणी भरायच्या, यासाठी मॅडमनी सगळ्यांची परीक्षा घेतली. हातमोजे घालून नळी उचलायची आणि ट्रेच्या खाचेत ठेवायची, कुठे आपटू न देता. आदेशने दोन पाडल्या. मी एक पाडली, हे सांगायला लाज वाटते. हिरीने बाराच्या बारा ठेवल्या आणि एकदाही टकटक आवाज आला नाही.

“कुठे शिकलात?” मॅडमनी विचारलं.

“कच्ची वीट उचलायची तशीच, मॅडम. बोट रुतलं तर ठसा उठतो नि मुकादम शिव्या देतो.”

त्या दिवसापासून नळ्या भरायचं काम हिरीकडे आलं. आदेशला ते आवडलं नाही, पण मॅडमनी लेखी दिलं होतं आणि आदेश लेखी गोष्टींना फार मानतो.

सोमवारी सकाळी हिरीने ट्रे भरला. बारा नळ्या, बारा खाचा. मी भट्टीचं दार उघडून तयार. तेवढ्यात शेठ आत आले. मागे तालुक्याचे ‘भाऊ’, भाऊंच्या मागे सहा माणसं, एकाच्या हातात हार, एकाच्या हातात नारळ. देशाचं एवढं मोठं काम आपल्या मुरबाडात होतंय आणि ते बिनपूजेचं? शेठच्या सज्जनपणात ते बसत नव्हतं. भट्टीपुढे सतरंजी आली. शेठनी माझ्या हातात हळदकुंकवाची थाळी दिली आणि हिरीकडे वळून म्हणाले, “तू जरा बाहेर थांब गो. फोटो व्हयाचेत.”

हिरी बाहेर गेली. जाताना हातमोजे काढून घडी करून कमरेला खोचले.

भाऊंनी नारळ फोडला. शेठनी भट्टीला हळद लावली, कुंकू लावलं. मग ट्रेकडे वळले. मी म्हणालो, “शेठ, नळीला हात लावायचा नाय. मॅडमनी सांगितलंय.”

“अरे, हात कुठं लावतोय? कुंकू लावतोय.”

आणि त्यांनी उजव्या हाताची अनामिका थाळीत बुडवून एकेका नळीच्या बरोब्बर जोडावर कुंकवाचा ठिपका उमटवला. बारा नळ्या, बारा ठिपके, देवळातल्या रांगेसारखे सरळ. भाऊ टाळ्या वाजवून निघून गेले. मग मी खिशातला रुमाल काढला आणि ठिपके पुसले. चांगले घासून पुसले. दोन्ही टोकांकडून पुसत आलो, सात नंबरची तेवढी राहिली, तेव्हा शेठनी हाक मारली, “चालू कर, मुहूर्त टळतोय!” सातवीला रुमाल नुसता टेकवला आणि ट्रे आत सरकवला.

भट्टी मी चालवली ती मात्र नमुनेदार. पाचशे ऐंशी म्हणजे पाचशे ऐंशी, पाच तास आलेखाची रेघ फुटपट्टीने ओढल्यासारखी. ती बघून मला ठिपके विसरायला झाले. खरं म्हणजे मी विसरलो नाही. विसरायचं ठरवलं.

अडीच आठवड्यांनी नळ्या संस्थेत वाफेची परीक्षा देऊन परत आल्या. डबा शेठच्या केबिनमध्ये उघडला. शेठनी आत पाहिलं आणि खुर्चीत बसले.

“जाळल्यास सगळ्या! काळ्या केल्यास!”

नळ्या काळ्या होत्या हे खरं. शाळीग्रामासारख्या काळ्या, तुळतुळीत. मी त्यांना समजावलं की झिर्कोनियम असंच असतं, परीक्षेत पास झालं की काळंभोर चमकतं आणि नापास झालं की पांढरं पडतं. शेठचा विश्वास बसेना. काळं ते चांगलं आणि पांढरं ते वाईट, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं असणार. त्यांनी एक नळी उचलली, फिरवली, आणि चेहरा उजळला. “हे बघ, इथं थोडी चांगली झालीय.”

जोडावर डाळीएवढा पांढरा ठिपका होता. बाराही नळ्यांवर. त्याच जागी.

सोबत संस्थेचा आठ पानी अहवाल होता. तीन तज्ज्ञांच्या सह्या होत्या. बारा नमुन्यांच्या जोडावर एकाच बाजूला, एकाच आकाराचे पांढरे डाग आढळतात, ही घटना जगातल्या कुठल्याही शोधनिबंधात नोंदलेली नाही, असं त्यात म्हटलं होतं. एका तज्ज्ञाला वाटत होतं की मिश्रधातूतला नायोबियम एका कोपऱ्यात गोळा झालाय. दुसऱ्याला वाटत होतं की आमच्या भट्टीत उष्णतेचा एक विचित्र झोत आहे. तिसऱ्याने या परिणामाला स्वतःचं नाव सुचवलं होतं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, मनस्वी मॅडमची एक ओळ: ‘उघड्या हाताचा स्पर्श झाला होता का, हे तपासावे.’

आठ पानांतली आदेशला कळली ती एवढीच ओळ.

“हात कोणाचा असतो नळीला?” आदेशने विचारलं.

“हिरीचा,” शेठ म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की मला आधी कळलंच नाही काय झालं ते. शेठ खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मते त्यांनी नळीला हात लावलाच नव्हता. त्यांनी कुंकू लावलं होतं. आणि हिरीचा हात लागला, तर तो लागलाच. तिच्या हाताचं लागणं सगळ्यांना दिसतं, मोजे घातले तरी दिसतं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात शेठ मला म्हणाले, “सुरेंद्र, तुझ्या अक्षयचं आपण दिवाळीनंतर बघू हां. डिप्लोमा झालाय ना त्याचा?” माझा अक्षय दीड वर्ष घरी होता. रोज संध्याकाळी तो मोबाइलमध्ये तोंड घालून ओट्यावर बसायचा आणि आम्ही दोघं नवराबायको त्याच्याकडे न बघता जेवायचो. मी तोंड मिटलं.

हिरीला भट्टीपासून दूर केलं. चौकशी होईपर्यंत फक्त झाडू, फडकं आणि केबिनचा चहा. चौकशीत दोषी ठरली की घरी. चौकशी दिवाळीच्या आठ दिवस आधी ठेवली होती. मुकादमाचा ट्रक केव्हा येतो हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

त्या दिवसांत ती माझ्याशी नेहमीसारखीच वागली. “सुरेंदरदादा, चाय थंड व्हईल,” म्हणायची. एकदाच विचारलं, “दादा, मी मोजं घातलं व्हतं, तुमी बघितलं ना?” मी म्हणालो, “बघितलं गो.” ती थोडा वेळ उभी राहिली. मग फडकं पिळत गेली. मला तेव्हा स्वतःची चीड आली, आणि चीड आलेली माणसं करतात तेच मी केलं. दुपारी डबा नीट खाल्ला नाही आणि बायकोवर ओरडलो.

चौकशीच्या दिवशी मनस्वी मॅडम भिंग घेऊन आल्या. केबिनमध्ये शेठ, आदेश, मी आणि दाराशी हिरी. मॅडमनी बारा नळ्या टेबलावर मांडल्या. “अकरा डागांत काही कळत नाही, पुसल्यासारखे आहेत. पण सात नंबरच्या नळीवर बोटाच्या रेषा आहेत. अगदी स्पष्ट. कोणाचं तरी बोट आहे हे.”

आदेशला आनंद झाला. त्याने आधीच तयारी करून ठेवली होती. पोलिस मालिका बघण्याचा त्याला शौक आहे. त्याने खणातून स्टँप पॅड आणि कोरा कागद काढला. “हिरी, इकडे ये. दहाही बोटं.”

हिरी आली. चपला दाराबाहेर काढून आली. शाईत बोट टेकवलं, कागदावर टेकवलं. कागदावर एक काळा गोल उठला. नुसता गोल.

“नीट दाब,” आदेश म्हणाला.

तिने नीट दाबलं. पुन्हा गोल. आदेशने तिचं बोट स्वतः धरून दाबलं. तिसरा गोल. दहाही बोटांचे दहा गोल, आत एकही रेघ नाही, मुलांनी पेन्सिलीने ठिपके भरावेत तसे. मॅडमनी भिंग घेतलं, हिरीचा हात आपल्या हातात घेतला आणि उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघत राहिल्या.

“तुमच्या बोटांना रेषाच नाहीत.”

“नाय उठत, मॅडम,” हिरी म्हणाली. जणू तिचीच चूक होती. “राशनच्या मशिनवर पन नाय उठत. विटांनी गेल्या. राशनवाला बोलतो, पोरीला पाठव, तुझं बोट बोट नाय.”

मी खाली बघत होतो. फरशी स्वच्छ होती, तिनेच पुसलेली.

“म्हणजे हे बोट यांचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “मग भट्टीत जाण्याआधी नळ्यांना कोण शिवलं?”

“कोणीच नाय,” शेठ म्हणाले. अगदी मनापासून.

मॅडमनी खुर्चीत मागे टेकून वर बघितलं, विचार करताना माणूस बघतो तसं. शेठच्या डोक्यावर, सोनेरी चौकटीत, दोन फूट बाय तीन फूट, पूजेचा फोटो होता. भाऊ हसतायत. शेठ ट्रेवर वाकलेत, उजवी अनामिका सरळ एका नळीवर. कुंकू इतकं लाल की छापणाऱ्याने जरा जास्तच वाढवलं असावं. बाजूला थाळी धरून मी. चौकशी त्या फोटोखाली वीस मिनिटं चालली होती.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“ती तर पूजा!” शेठ म्हणाले.

मॅडमनी स्टँप पॅड त्यांच्याकडे सरकवलं. शेठनी अनामिका दिली. काय करणार, आदेशने कागद आधीच पुढे केला होता; सवयच तशी. रेषा छान उठल्या, शंख, चक्र, सगळं जागच्या जागी. खातापिता हात. भिंगाखाली कागद आणि सात नंबरची नळी शेजारी शेजारी ठेवली, आणि मग भिंगाचीही गरज राहिली नाही.

जगातल्या कुठल्याही शोधनिबंधात न नोंदलेल्या त्या घटनेचा अहवाल मॅडमनी तिथेच नव्याने लिहिला. आठ पानांची एक ओळ झाली. तिसऱ्या तज्ज्ञाचं नाव जगाला कळायचं राहून गेलं. शेठ थोडे रागावले, मग म्हणाले की हा श्रद्धेचा विषय आहे आणि विज्ञानाने श्रद्धेच्या आड येऊ नये. संध्याकाळपर्यंत आदेशने नवा नियम टाइप करून भिंतीवर लावला: ‘पूजा नळ्यांच्या डब्याचे झाकण बंद असताना बाहेरून करावी.’ हिरीला पुन्हा भट्टीवर घेतलं. माफी कोणी मागितली नाही. शेठनी तिला एक नारळ दिला.

सुटी झाल्यावर मी फाटकापाशी तिला गाठलं. म्हटलं, “सुटलीस गो, हिरे.”

“व्हय.”

मला वाटलं आता निघावं. पण पाय निघेना. “त्या दिवशी तू बाहेर व्हतीस. पूजा झाली ती तुला माहीत नसंल…”

“माहीत व्हती.” ती नारळ ओच्यात बांधत होती. “त्या फोटूची काच मीच पुसते ना, रोज सकाळी. शेठचं बोट बघितलं. तुमची थाळी बघितली.”

“मंग बोललीस का नाय?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“मी बोलले असते त मीच खोटी ठरले असते. तुमी बोलले असते त ते खरं ठरलं असतं. म्हनून वाट बघत व्हते.”

“कोनाची?”

“तुमचीच की.”

मग शहापूरची गाडी आली आणि ती चढून गेली.

दिवाळीनंतर ट्रक वाडीवर आला आणि हिरीच्या दारावरून गेला. भिमीची परीक्षा मार्चमध्ये आहे. माझ्या अक्षयला शेठनी शब्द दिल्याप्रमाणे कामावर घेतलं, माझ्याच भट्टीवर. नळी कशी उचलायची, खाचेत कशी ठेवायची, हे त्याला हिरी शिकवते. चुकला तर हसते, पुन्हा दाखवते, “हलक्या हातानं रं बाबा” म्हणते. माझ्याशीही बोलते, चहा आणून देते, काही कमी करत नाही. फक्त त्या दिवसापासून तिने मला दादा म्हणायचं सोडलं. आता साहेब म्हणते. आख्ख्या कारखान्यात मला साहेब म्हणणारी ती एकटीच आहे.